वहीतली दुहिता

दिवाळीआधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा गुडघ्यांनी शिडी चढू दिली नाही म्हणून नात वर चढली आणि एकेक गाठोडं खाली देऊ लागली. त्यात माझी निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही निघाली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, १९७१-७२ सालची, भाषाशास्त्राच्या पेपरची. आमचे सर मराठीतूनच सांगत, संथ आवाजात, आणि आम्ही माना खाली घालून उतरवून घेत असू. त्यांच्याजवळही त्यांच्या सरांची अशीच एक वही असणार. असो.

नातीने वही मधेच उघडली ती नेमकी 'दुहिता' या पानावर. डाव्या बाजूला यास्काचार्यांनी निरुक्तात दिलेल्या तीन व्युत्पत्ती लिहिलेल्या: जिचं भलं होणं कठीण ती, दूर राहण्यातच जिचं हित ती, आणि दूध काढणारी ती. उजव्या बाजूला लाल शाईने, 'मूळ इंडो-युरोपीय रूप *धुघअतेर्. अर्थ - घरच्या गाईंचे दूध काढणारी.' खाली दोन रेघा. म्हणजे परीक्षेला हमखास!

नातीने लगेच मोबाइल काढून बघितलं. म्हणाली, "आजी, इथे वेगळंच दिलंय. तुझ्या वहीत घ आहे, इथे ग आहे. पुढे एक ह आहे आणि त्याच्या पायाशी चक्क २चा आकडा! आणि दूध काढणारी वगैरे कुठेच नाही."

माझे धाकटे दीर चहा घेत बसले होते. बँकेतून निवृत्त झालेत, वाचन दांडगं, आणि वाद घालायची हौस त्याहून दांडगी. ते म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षांत मूळ बदललं? झाडाचं मूळ कधी बदलतं का? हे युरोपीय पंडित मनातले मांडे खातात आणि तुम्ही शिक्षक मंडळी ते मुलांना वाढता."

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. राग आला, आणि राग आला की माझी भाषा तुटते. पण प्रश्न खोटा नव्हता. मी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं आणि दुहितेचा हा अर्थ दरवर्षी सांगितला. दहावीच्या निरोप समारंभात तर हमखास. म्हणून गेले तीन आठवडे वाचनालयात आणि नातीच्या संगणकासमोर बसून जे वाचलं, ते इथे मांडते आहे. भाऊजी हे वाचणार आहेतच.

आधी ही 'मूळ रूपं' आली कुठून ते सांगते. १७८६च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी मत मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही. त्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नसेल. जोन्स इथेच थांबले. त्या हरवलेल्या भाषेतले शब्द बांधून दाखवायचं धाडस पुढे जर्मनीत आउगुस्ट श्लायशर याने केलं. वहीत शब्दाच्या आधी जी चांदणी दिसते ना, ती वापरायची रीत त्यानेच रुजवली. चांदणीचा अर्थ असा, की हे रूप कुणी लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही तर्काने बांधलं आहे. म्हणजे ही जाहीर कबुली आहे. आम्ही वहीत चांदणी काढायचो आणि तिचा अर्थ विसरायचो.

१८६८ साली श्लायशरने त्या हरवलेल्या भाषेत एक छोटी गोष्टच रचली. लोकर कातरलेली एक मेंढी घोड्यांना बघते. कुणी जड गाडी ओढतोय, कुणी ओझं वाहतोय, कुणी माणसाला घेऊन धावतोय. मेंढीला त्यांची दया येते, घोड्यांना मेंढीची. गोष्टीचं नाव होतं 'अविस् अक्वासस् क', म्हणजे मेंढी आणि घोडे. अवि, अश्व, च... शाळेत संस्कृत झालेल्या कुणालाही हे अर्धं कळेल. कारण श्लायशरच्या काळापर्यंत असंच धरलेलं होतं की मूळ भाषा बरीचशी संस्कृतसारखीच असणार, निदान स्वरांच्या बाबतीत.

१९३९ साली छापल्या गेलेल्या हेर्मान हिर्टच्या रूपात याच गोष्टीचं नाव झालं 'ओविस् एक्वोसेस्-क्वे'. पुढे आणखी काही विद्वानांनी ती आपापल्या परीने पुन्हा लिहिली, आणि २०१३ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू बर्ड यांनी ती म्हणून दाखवली, त्यात मेंढीच्या आधी ह२ आणि घोड्याच्या आधी ह१ आलेला आहे. मेंढी तीच, घोडे तेच, आणि नाव मात्र पार ओळखू येईनासं झालं. भाऊजींच्या हाती हे पडलं तर ते म्हणतील, बघा, हेच म्हणत होतो मी! (एक सूचना. आपल्या लिपीत ऱ्हस्व ए आणि ओ लिहायची सोय नाही. वरचे ए-ओ आखूड म्हणायचे.)

पण हे बदल झाले कशामुळे? त्यातला पहिला मोठा बदल समजून घेताना मला माझीच एक चूक आठवली.

१९८०च्या आसपासची गोष्ट. नववीच्या वर्गात एका पाठात 'चकार' आलं. कृ धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप, त्याने केलं. मी सांगितलं, धातूच्या पहिल्या अक्षराचं द्वित्व होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, द्वित्व करायचं तर क-कार व्हायला हवं. च कुठून आला?" मी म्हटलं, पाणिनींनी तसा नियम दिलाय. ती म्हणाली, "हो, पण का?" मी तिला ते रूप दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. तिने आणलं. सुवाच्य अक्षरात. पुन्हा तिने वर्गात काही विचारलं नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिने विचारण्याआधी शंभर वर्षं मिळालेलं होतं. अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात नियम आहे तो खराच: द्वित्व करताना क-वर्गातल्या अक्षराच्या जागी च-वर्गातलं येतं. चकार, जगाम, जघान. पाणिनींनी जे ऐकलं ते अचूक नोंदवलं. कारण सांगणं त्यांच्या कक्षेतलं नव्हतं, आणि केवळ संस्कृतकडे बघून ते सापडलंही नसतं. १८७०च्या दशकाच्या अखेरीस ते युरोपातल्या चारपाच जणांना जवळजवळ एकाच वेळी सापडलं. (म्हणून त्याचं श्रेय कुणाचं हे भांडण अजून मिटलेलं नाही.)

त्यांनी काय केलं, तर संस्कृतातल्या च आणि क यांच्या पुढे ग्रीक-लॅटिनमधले शब्द मांडले. संस्कृत 'च', लॅटिन 'क्वे'. संस्कृत 'पञ्च', लॅटिन 'क्विंक्वे', ग्रीक 'पेन्ते'. संस्कृत 'चत्वारः', लॅटिन 'क्वात्तुओर', ग्रीक 'तेत्तारेस्'. उलट 'कतर' म्हणजे दोघांतला कोण, याला ग्रीकात 'पोतेरोस्'. बघा, संस्कृतात सगळीकडे अ आहे, पण जिथे बहिणीच्या घरी ए किंवा इ आहे तिथे आपल्याकडे च झाला, आणि जिथे ओ आहे तिथे क राहिला. ए म्हणताना जीभ पुढे टाळूकडे सरकते आणि आधीच्या क ला ओढून नेते. म्हणजे संस्कृतातही कधीकाळी इथे ए होता! त्याने क चा च केला आणि मग स्वतः अ मध्ये विरघळून गेला. चोर निघून गेला, पाऊलखूण राहिली. 'चकार' मध्ये पहिलं अक्षर मुळात क्वे होतं, दुसरं क्वो. म्हणून पहिल्याचा च आणि दुसऱ्याचा का.

झालं! श्लायशरचं 'अक्वासस्' कोसळलं. अ-अ-अ करणारी मूळ भाषा गेली आणि ए, ओ, अ असे तीन स्वर असणारी आली. पण ही कुणाची लहर नव्हती. उलट पाणिनींच्या एका नियमाला कारण मिळालं. ते दहा वेळा लिहिलेलं पान आज माझ्याजवळ असतं तर बरं झालं असतं.

भाऊजींचा दुसरा आक्षेप मला आधीच ठाऊक आहे. "म्हणजे हळूहळू संस्कृतला बाजूला सारलं म्हणा की." त्या काळच्या युरोपीय पंडितांत वंशाभिमान भरपूर होता, हे मी नाकारत नाही. पण त्याच दशकात डेन्मार्कच्या कार्ल वेर्नरने काय केलं ते बघा. जर्मनमध्ये वडील 'फाटर', आई 'मुटर', पण भाऊ 'ब्रूडर'. मुळात तिन्हींत त, मग भावाच्याच वाट्याला ड का? याचं उत्तर जर्मनमध्ये नव्हतं, लॅटिनमध्येही नव्हतं. ते होतं ऋग्वेदाच्या पाठात. पिता आणि माता यांचा उदात्त शेवटच्या अक्षरावर, भ्राता याचा पहिल्या अक्षरावर. हजारो मैल दूर, हजारो वर्षं आधी, वैदिकांनी जिवापाड जपलेल्या उदात्त-अनुदात्ताने जर्मन भाषेचं कोडं सोडवलं. संस्कृतने मूळपणाचं आसन गमावलं असेल, साक्षीदार म्हणून तिचा मान कुठेही कमी झालेला नाही. मला तरी साक्षीदाराचा मान मोठा वाटतो.

आता तो पायाशी आकडा लावलेला ह. इथे जरा सावकाश वाचा, कारण हा भाग मला स्वतःला तीनदा वाचावा लागला.

फेर्दिनां द सोस्यूर हे नाव आपल्याकडे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणासाठी माहीत असतं. पण एकविसाव्या वर्षी, १८७८च्या अखेरीस, त्याने मूळ भाषेतल्या स्वरांवर एक ग्रंथ छापला. त्यातला एक धागा आपल्या गणांवरच आहे. सातव्या गणातलं युज् घ्या: युनक्ति, युञ्जन्ति. इथे धातूच्या शेवटच्या व्यंजनाआधी 'न' घुसतो, यु-न-ज्. नववा गण घ्या, पू धातू: पुनाति, पुनन्ति. आम्ही हे दोन वेगळे गण म्हणून दोन वेगळ्या तक्त्यांत पाठ केले. सोस्यूर म्हणाला, गण एकच आहे. पू म्हणजे पु अधिक एक हरवलेला ध्वनी. त्या ध्वनीआधी न घातला की पु-न-आणि-तो. तो ध्वनी नाहीसा होताना मागचा स्वर दीर्घ करून गेला, म्हणून 'पुना'. न घातलाच नाही तर उ दीर्घ झाला, म्हणून 'पू'. आणि आपण ज्यांना सेट् धातू म्हणतो, ज्यांच्यात मधे इ येतो, जसं पवितुम्, भवितुम्, तिथला तो इ म्हणजे याच हरवलेल्या ध्वनीचं भूत. श्रु ला ते नाही, म्हणून श्रोतुम्. सेट् आणि अनिट् धातूंच्या याद्या पाठ करता करता आमच्या पिढीचे केस पांढरे झाले आणि कारण हे असं होतं!

पण तो ध्वनी तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत नव्हता. सोस्यूरने नुसतं चिन्ह ठेवलं. हेर्मान म्योलर वगैरे थोडक्यांनी ते उचलून धरलं आणि आणखी एक वाढवलं. बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. भाऊजी, तुमच्या भाषेत सांगायचं तर रक्कम उचंत खात्यात टाकली. हिशेब जुळायला इतकी रक्कम हवी हे दिसतंय, पण पावती नाही.

पावती निघाली तुर्कस्तानात. १९०६पासून बोगाझकोय इथल्या उत्खननात मातीच्या विटांवर कोरलेला प्रचंड मजकूर मिळत होता. १९१५ साली बेद्रिख हरोझ्नी याने जाहीर केलं की ही हित्ती भाषा याच कुळातली आहे. तिच्यात पाण्याला 'वातर' म्हणतात! सोस्यूर १९१३ सालीच वारला होता. मग १९२७मध्ये पोलंडच्या येर्झी कुरिलोविच याने दाखवलं की त्या विटांवर एक घशातला ह जागोजागी लिहिलेला आहे, आणि तो बरोबर तिथेच आहे जिथे सोस्यूरच्या पंथातल्यांनी चिन्ह ठेवलं होतं. संस्कृत 'अस्थि', ग्रीक 'ओस्तेओन', हित्ती 'हस्ताइ'. संस्कृतात रक्षण करणे या अर्थाचा 'पा' धातू (नृप, गोप यांतला), हित्तीत 'पह्स्'. दीर्घ आ च्या पोटात लपलेला ह विटेवर उघडा!

पन्नास वर्षं आधी कागदावर मांडलेलं एक अक्षर जमिनीखालून निघतं, याला मनातले मांडे कसं म्हणणार? मांडे पोटात जात नाहीत, हे तर हातात आलं.

आता दुहितेकडे येते.

'दूध काढणारी' हा अर्थ दिसायला सरळ आहे. दुह् म्हणजे दोहणं, त्यावरून दुहिता. यास्कांनी तीन पर्यायांपैकी एक म्हणून तो दिला. एकोणिसाव्या शतकात तो युरोपात फार आवडला. मॅक्स म्युलर यांनी त्यावरून आदिम आर्यांच्या घराचं गोड चित्र रंगवलं आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांच्या वाटेने माझ्या वहीत आलं.

अडचण अशी. दुह् मधला ह हा मुळात घ. याचा पुरावा संस्कृतातच आहे: दुग्ध, दोग्धा, कामधुक्. असा घ ग्रीकात ख होतो, जसं लघु आणि 'एलाखुस्'. पण मुलीला ग्रीकात म्हणतात 'थुगातेर'. तिथे ग आहे. म्हणजे एक साक्षीदार घ सांगतो, दुसरा ग. जुन्या पंडितांनी मांडवली केली. युलिउस पोकोर्नीच्या १९५९च्या प्रसिद्ध धातुकोशात या शब्दात ग लिहून त्याचा महाप्राण कंसात ठेवलेला आहे. हित्तीचा ह सापडून तीस वर्षं उलटली होती, तरी या कोशाने त्याला जवळपास दारातच उभं ठेवलं. आमच्या सरांची टिपणं तर त्याहून जुनी असावीत, कारण तिथे कंसही नाही.

ह२ घातला की दोन्ही साक्षी जुळतात. मुळात ग, आणि त्याला चिकटून ह२. संस्कृतात हा ह ग वर रेलला आणि त्याचा घ झाला, पुढे त्याचाच ह. ग्रीकात रेलला नाही, ग तसाच राहिला. शिवाय दुहिता मधला इ आणि थुगातेर मधला अ हेही त्याच ह२ची खूण, जसं पिता आणि 'पातेर'. हे एका शब्दापुरतं रचलेलं ठिगळ नाही. संस्कृत 'महि' आणि ग्रीक 'मेगा' यांतही ह आणि ग समोरासमोर आहेत, 'पृथु' आणि 'प्लातुस्' यांत थ आणि त. सगळीकडे गुन्हेगार तोच.

म्हणजे आजचं रूप *धुगह२तेर्. त्यात मूळचा ग आहे, आणि दोहण्याच्या धातूत मूळचा घ. दोघांचं नातं तुटलं. मग मुलगी या शब्दाच्या पोटात काय आहे? काही नाही. सर्वमान्य असा धातू सापडत नाही. जितकं मागे जाता येतं तितकं मागे गेलं तरी मुलगी म्हणजे मुलगी.

खरं सांगते, वाईट वाटलं. चौतीस निरोप समारंभ डोळ्यांपुढून गेले. 'मुलींनो, दुहिता म्हणजे दूध काढणारी, घराचं पोषण करणारी,' असं म्हणताना माझा आवाज भरून यायचा. मग रात्री पडल्या पडल्या वाटलं, की त्या मुलींना आपण त्यांच्या नावातच एक काम चिकटवून पाठवत होतो. यास्कांच्या उरलेल्या दोन व्युत्पत्ती तर मी मुलींपुढे कधी सांगितल्याच नाहीत, त्या का गाळल्या हेही मला ठाऊक आहे. एक निवडली ती खरी म्हणून नव्हे, गोड म्हणून.

प्रत्येक बदलात असं काही हरवतंच असं नाही. कधी नुसता क्रम उलटतो. ऋक्ष म्हणजे अस्वल, ग्रीकात 'आर्क्तोस्'. संस्कृतात क्ष, ग्रीकात क्त, म्हणून जुन्या मंडळींनी मूळ भाषेसाठी एक खास विचित्र ध्वनी कल्पिला होता. मग 'पृथ्वी' हा अर्थ असलेले शब्द हित्तीत आणि मध्य आशियातल्या तोखारी भाषेत सापडले, 'तेकन्' आणि 'त्कम्'. त्यांच्यासमोर आपलं 'क्षम्' आणि ग्रीक 'ख्थोन' ठेवल्यावर दिसलं की मुळात दंत्य आधी आणि कंठ्य नंतर होतं, आपण आणि ग्रीकांनी उलटापालट केली. तो खास ध्वनी रद्द झाला. ग्रीकांनी उत्तरेकडच्या सप्तर्षींना अस्वल म्हटलं, त्यावरून उत्तर ध्रुवप्रदेशाचं नाव आर्क्टिक पडलं. लोकमान्यांच्या १९०३च्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात ऋक्ष असा दडून बसला आहे. त्या ग्रंथाचा सिद्धांत आज कुणी विद्वान मानत नाही, पण नवा पुरावा दिसला की जुनं मत मोडून बघायची त्यांची हिंमत मला आजही शिकवण्यासारखी वाटते.

भाऊजींचं एक मात्र मान्य. सगळंच काही असं पक्क्या पावतीवर उभं नाही. ह किती होते? बहुतेक जण तीन म्हणतात, काही कमी म्हणतात, काही जास्त. त्यांचा उच्चार नेमका कसा, यावर एकमत नाही, म्हणून तर अक्षराऐवजी आकडे. १९७३ साली गाम्क्रेलिद्झे, इवानोव आणि स्वतंत्रपणे हॉपर यांनी असं मांडलं की ज्यांना आपण ग, द, ब म्हणतो ते मुळात वेगळ्याच, घशात श्वास अडवून काढलेल्या ध्वनींचे वंशज आहेत. पन्नास वर्षं झाली, वाद चालूच आहे. तेव्हा कुणी ती मेंढीची गोष्ट म्हणून दाखवून 'असं बोलत होते आपले पूर्वज' म्हणाला, तर तोही माझ्यासारखीच चूक करतो आहे. चांदणी विसरण्याची.

पण बदलतं म्हणून खोटं, हे मला पटत नाही. फोनवर मी भाऊजींना विचारलं, "तुमच्या बँकेचा ताळेबंद दरवर्षी बदलायचा ना?"

"अर्थात."

"मग गेल्या वर्षीचा खोटा ठरायचा का?"

"छे! त्याच्यावर तारीख असते, वहिनी. ३१ मार्चअखेर."

"आणि तारीख नसलेला ताळेबंद कुणी आणून दिला तर?"

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सही करणार नाही मी त्याच्यावर. पण तुमच्यात ऑडिटर कोण?" मी म्हटलं, हित्ती. त्यांना विनोद कळायला वेळ लागला.

माझं म्हणणं इतकंच आहे. मूळ रूप शिकवा, जरूर शिकवा, पण साल घालून. मराठीतही हेच. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ति कोश १९४६चा आहे, आमच्या घरी त्याची बाइंडिंग सुटलेली प्रत आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. पण आपण त्यातली व्युत्पत्ती वेदवाक्यासारखी सांगतो, 'हे १९४६चं मत' असं कुणी म्हणत नाही. शब्दांच्या गोड गोष्टी वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून आणि आता मोबाइलवरून रोज फिरतात, आणि त्यांच्यावर तारीख नसते, चांदणीही नसते. मुलांना उत्तर बदललेलं चालतं हो. 'का' विचारल्यावर वही पुढे केलेली चालत नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी आता साठीची असेल.

नातीने शेवटी विचारलं, "आजी, मग हा शब्द आपल्याकडे कुठे गेला? आपण तर मुलगी म्हणतो, लेक म्हणतो." प्राकृतात दुहितेची 'धूआ' झाली, जुन्या मराठीत 'धुव' होतं आणि कोकणीत आजही मुलीला 'धूव' म्हणतात. माझ्या सासूबाई माहेरच्या गोव्याच्या. लग्न होऊन आले तेव्हा शेजारणींना माझी ओळख करून देताना त्या 'ही म्हजी धूव' म्हणायच्या. भाऊजींना ते आठवत होतं. मला वाटायचं, धूव म्हणजे धुण्याशी काही संबंध असेल, आल्या आल्या विहिरीवर पाठवतात की काय! तीही एक व्युत्पत्तीच.

काल नातीने त्या लाल ओळीवर एक रेघ मारली आणि खाली पेन्सिलीने नवीन रूप लिहिलं, शेजारी या वर्षाचा आकडा घातला. तिने २ मात्र ह च्या पायाशी न काढता डोक्यावर काढला होता. तेवढा मी खोडून खाली आणला.